खांदा पाहिलास?

नागपूर, ४ ऑगस्ट २०२५

ती. बिंदूकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमचा आवाज ऐकवणार नाही, म्हणून कागद घेतला. तुमचा व्हिडिओ पाहिला. घाटावर पिंडदान करता करता तुम्ही हसत सांगताय की काशीला यायची गरज नाही, नाव-गोत्र मोबाइलवर पाठवा, पितर कुठे बघायला येतात! असे व्हिडिओ खोटे असतात म्हणे, म्हणून मी ओठ पाहिले, पापण्या पाहिल्या, दहादा पाहिलं. तुम्हीच होतात. आजोबांनी अमृतराव घाटावर जन्मभर जपलेल्या विद्येचं दुकान मांडलंत. सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय, कळू दे.

बाबांचं वर्षश्राद्ध तुमच्या हातून नको, सख्खे भाऊ असलात तरी. इथले गुरुजी ठरवलेत.

काकूंवर लोभ आहेच, तेवढा त्यांना सांगा.
वैदेही

वाराणसी, ११ ऑगस्ट

चि. वैदेहीस आशीर्वाद, हात जरा आखडता घेऊन.

पत्र लिहिलंस ते बरं. माझा आवाज चोरीला गेलाय, हस्ताक्षर अजून माझंच आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या कुशलने मला तो व्हिडिओ दाखवला. चोर एकदम अनाडी. माझ्या प्रवचनातून तोंड आणि आवाज उचलला, धड कुणा भलत्याचं. त्यांची कीवही येत नाही. पण तू? पापण्या मोजल्यास, खांदा पाहिलास? पितरांचं कर्म चाललंय, जानवं उजव्या खांद्यावर हवं, आणि याचं डाव्या खांद्यावर, पंगतीला बसल्यासारखं. पाणी बोटांच्या टोकांवरून सोडतोय, देवांना सोडतात तसं. पितरांना ते अंगठ्याच्या बाजूने सोडतात. सहा वर्षांची असताना माझ्याशेजारी तिळाची वाटी धरून बसायचीस, तेव्हा यजमान चुकला की तूच त्याला टोकायचीस. एवढी शिकून हेच विसरलीस.

कुशलने लिंक, स्क्रीनशॉट जपून सायबर पोलिसांत तक्रार दिलीय. तू पसरवलेली घाण मात्र तूच काढ.

दादाचं श्राद्ध कुणाकडूनही कर. पण मला एकदा विचारायचं होतंस, पोरी. वाईट वाटलं.

काकू लोभ कळवते. माझा तूर्त बासनात बांधून ठेवलाय.
बिंदुमाधव

नागपूर, १८ ऑगस्ट

ती. काका,
सा. न. वि. वि.

व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी खांदा पाहिला. तोंड दाखवायची लाज वाटते. त्रेचाळीस जणांना एकेक करून फोन केला: व्हिडिओ खोटा आहे, मी न विचारता पाठवला, पुढे धाडू नका. शार्दूलमामा म्हणाला, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आता तू काहीही सांग. असे नऊजण आहेत. त्यांना रोज फोन करीन.

इथल्या गुरुजींना नको म्हणून कळवलं. तिथीला येते. नाही म्हणालात तर पायरीवर बसून राहीन.

बासन सोडाल का?
वैदेही

वाराणसी, २३ ऑगस्ट

चि. वैदेहीस आशीर्वाद, पुरते.

दशमीला सकाळी सातला ये. काळे तीळ आण, वाटी इथे आहे, तुझीच. घाटावर माझ्यासारखा कुणी दिसला तर आधी खांदा बघ, मगच पाया पड.
बिंदूकाका