पहिल्या पायांचा मान

ती. जयाआत्यास,

पिंकीचा वाकून नमस्कार. (सुरुवात कशी करायची ते आईला विचारलं. शाळेत आम्हाला फक्त प्रिन्सिपलना लीव्ह अ‍ॅप्लिकेशन लिहायला शिकवलं.) तुझी तब्येत बरी ना? मामांचा गुडघा कसाय? तुमच्या रिहे गावात भाताची लावणी उरकली का? फोनच करणार होते, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि मग अख्खं खाचर ऐकतं. म्हणून हे तुझ्या रोहितच्या हाती पाठवतेय.

तर रविवारी घोटावड्यात आपल्या पुढच्या खोलीत माझ्या नेल सलूनचं ओपनिंग आहे, आणि पहिले पाय तुझे, हे आबांनी सगळ्या भावकीत सांगून टाकलंय. (“पयला मान आत्याचा. जया न्हाई आली तर कुलूप उघडायचं न्हाई.”) मला मान्यच आहे. पण आत्या, कोर्समध्ये इन्फेक्शनचा चॅप्टर झाल्यापासून माझी झोप उडालीय. मला सगळ्यांच्या नखांत फंगस दिसतो. काल बसमध्ये कंडक्टरचा अंगठा बघून मी तिकीट रुमालात घेतलं. एकाची कानस दुसऱ्याला लावायची नाही, टब दर वेळी घासून औषधानं पुसायचा, नखाकडेची कातडी कापायची नाही, आणि कुणाला जखम, खाज, चिखल्या असतील तर हात जोडून परत पाठवायचं. हे सगळं बोर्डावर लिहून दारात लावलंय. आबांनी वाचलं आणि म्हणाले, “गिऱ्हाईक बोलवतीयास का हाकलतीयास?”

आता अवजारांचं. मॅडम म्हणाल्या होत्या, ती निर्जंतुक करायचं मशीन म्हणजे थोडक्यात कुकरच. (‘थोडक्यात’ मी ऐकलंच नाही.) मी कटर, चिमटे सगळं आईच्या कुकरमध्ये घातलं आणि भरपूर शिट्ट्या काढल्या. आई शेतातून आली, कुकर गरम बघून तिला इतका आनंद झाला की शेजारच्या काकूंना ओरडून सांगितलं, आमच्या पिंकीनं भात लावला. ताटं मांडली, आमटी वाढली आणि मग झाकण काढलं. आबा म्हणाले, “शिजलंय का बघ, कच्चं असंल तर दातात अडकायचं.” त्या दिवसापासून कुकर आईनं कपाटात कोंडलाय आणि भात पातेल्यात होतो. वर त्याच उकळलेल्या कटरनं आबा ओट्यावर पायाची नखं काढत बसलेले सापडले. (“एवढं उकाळलं ते वापरायलाच ना?”)

असो. बाकी सगळी तयारी झालीय. तू काळजी करू नकोस, ती मी करतेय.

तुझी,
पिंकी

ता.क. रोहित म्हणाला, लावणीनं तुझ्या पायांना चिखल्या झाल्यात. आत्या, बोर्डाप्रमाणे तुझे पाय मला टबात घेता येणार नाहीत. आणि भावकीसमोर तुला परत कसं पाठवू? नुसती हाताची नखं केली तर मान पोचेल का? पाय कोरडे ठेव आणि डॉक्टरला दाखव, नुसती हळद दाबून बसू नकोस.

ता.क. २ हाताचीही करता येणार नाहीत. माझ्याच अंगठ्याला नखुरडं झालंय. प्रॅक्टिसला स्वतःचीच कातडी कापली, तीही अवजार न उकळता. (कुकर कपाटात होता. आणि वाटलं, आपलंच बोट, आपलं आपल्याला काय लागणार.) पिरंगुटच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, आणि बरं होईपर्यंत गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही म्हणाले. घरी माहीत नाही. पट्टीवर मी चमकी लावलीय, आईला ती नेल आर्ट वाटते.

ता.क. ३ तेव्हा आत्या, एवढं कर, माझ्यावर रुस. आमंत्रण नीट दिलं नाही म्हण. (रोहित देणार, म्हणजे नीट नसेलच.) तू नाहीस तर आबा कुलूप काढणार नाहीत, तेवढ्यात माझा अंगठा आणि तुझे पाय दोन्ही बरे होतील. फक्त आई-पप्पांच्या लग्नात रुसलीस तशी नको. आई म्हणते, ते अजून चालूच आहे. मला दोन आठवडे पुरेत.