‘मेलेल्या’ पट्ट्या आणि दुकानाची मालकी

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणीही कान भरलेले नसताना हे मृत्युपत्र करते. माझ्यामागे दुकान विकून पैसे मुलाला द्यावेत, असं लिहिलेलं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. का, ते सांगते.

कलम १. राहतं घर मुलाला. बँकेतली ठेव मुलाला आणि सुनेला निम्मी-निम्मी. मुलगा गुणाचा आहे, पण त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला की मला घाम फुटतो.

कलम २. माझं शिलाई मशीन कुणी शोधत बसू नये. एकतीस वर्षांपूर्वी ते विकून मी चार एमबी मेमरीची एक पट्टी आणली आणि दुकान उघडलं. आज तसल्या आठ हजार पट्ट्यांचं काम बत्तीस जीबीची एकच पट्टी करते. मध्यंतरी भाव इतके कोसळले की धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, मेमरी आता फुकट वाटतील. दुकान विकून मोकळ्या व्हा!" मला ते पटलं, हे कबूल करते.

कलम ३. दुकान, टेबल, भिंग, सगळी हत्यारं सुनेला. गिऱ्हाईकं मोठी पट्टी बसवून जुनी टाकून जात. त्यातल्या न चालणाऱ्या मी एका डब्यात टाकल्या आणि वर "मेलेल्या" असं लिहिलं. भाऊजी विचारायचे, "भंगारवाल्याशी सोयरीक जमवताय का?" यंदा भाव तिपटीने चढले, नवा माल मिळेना, दुकान ओस पडलं. मुलगा डबा भंगारात द्यायला निघाला, तो सुनेने हिसकावून घेतला. म्हणाली, "आई, पुसून तरी बघू या." नऊ दिवस तिने खोडरबराने एकेका पट्टीच्या कडेचे काळवंडलेले सोनेरी दात घासले, प्रत्येक पट्टी कॉम्प्युटरमध्ये घालून तपासली. साठातल्या एक्केचाळीस जिवंत! अहो, दुखऱ्या गुडघ्यांनिशी नाचले मी. आता रांग दाराबाहेर जाते. चूक माझी होती, शाबासकी तिची.

कलम ४. भाऊजींना दुकानातलं स्टूल. त्यावर बसूनच त्यांनी फुकटचे सल्ले दिले. त्यांचा कॉम्प्युटर सध्या त्याच डब्यातल्या दोन पट्ट्यांवर पळतोय, हे त्यांना इथे वाचूनच कळेल.

कलम ५. दुकान मी गेल्यावरच सुनेचं होईल, असं वकील म्हणतात. मला एवढा धीर नाही. आज सकाळीच पाटीवर तिचं नाव रंगवून घेतलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. रडायला लागली. म्हटलं, "रड नंतर, गिऱ्हाईक ताटकळलंय."

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर. २. शेजारचे चष्मेवाले.
स्थळ: दुकानातलं कामाचं टेबल.
दिनांक: दुकानाच्या एकतिसाव्या वर्षातला शेवटचा सोमवार.

सही,
दुकानाच्या मालकिणीची सासू