सातवा फर्मा

४ फेब्रुवारी, मंगळवार
हसावं की रडावं! दिवसाला दहा पुस्तकं शिवते आणि वर्षभरात एकही वाचलेलं नाही. सकाळी स्वयंपाक, दिवसभर बाइंडिंगचं दुकान, संध्याकाळी धाकटीचा अभ्यास. वेळ कुठून आणू?

आज युक्ती सुचली. वाचनालयाची एक जाडजूड कादंबरी नव्याने बांधायला आली आहे. आम्ही ती उसवली, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे झाले. शिवायला अजून दहा दिवस आहेत. रोज एक फर्मा पिशवीतून घरी न्यायचा, सकाळी जागेवर ठेवायचा. मालकांना कशाला सांगायचं?

५ फेब्रुवारी, बुधवार
बसच्या रांगेत आठ पानं, बटाटे उकडेपर्यंत उरलेली आठ. जमलं की! नायिका घर सोडून निघाली — जाऊ दे तिला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
नवरा म्हणतो, "हल्ली भांडत नाहीस, बरी आहेस ना?"

मालकांनी आज पुन्हा वाचनालयाची चिठ्ठी मला वाचायला लावली. "चष्मा घरी राहिला गं." या आठवड्यात तिसऱ्यांदा!

१२ फेब्रुवारी, बुधवार
धाकटीला ताप. रजा टाकली. सातवा फर्मा घरीच राहिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
मेले! काल मालकांनी दोन दिवस आधीच ती कादंबरी स्वतः शिवली, पुठ्ठा चढवला आणि वाचनालयात पोहोचवलीसुद्धा. सातवा फर्मा माझ्या पिशवीत! कळलं तर दारातूनच परत पाठवतील मला. बारा वर्षांची नोकरी!

एक कळत नाही. शिवण्याआधी प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखालचा आकडा मालक स्वतः तपासतात. त्यात कधी चूक झालेली नाही. मग सहानंतर थेट आठ आला, तो त्यांना दिसला कसा नाही?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सांगून टाकलं. फर्मा टेबलावर ठेवला. मालक नुसतं त्याच्यावरून बोट फिरवत राहिले. म्हटलं, संपलं.

मग म्हणाले, "आकडे दिसत नाहीत गं मला. वर्ष झालं. हाताच्या सवयीवर रेटतोय. कुणाला बोलू नकोस." इतकं वाईट वाटलं! आणि मी बसले होते स्वतःची नोकरी घेऊन.

दुपारी मीच जाऊन कादंबरी परत आणली. दोघांनी मिळून उसवली. आकडे मी वाचले, फर्मे त्यांनी लावले. "शिवायचं बघू सावकाश," म्हणाले. मालक आणि सावकाश!

१५ फेब्रुवारी, शनिवार
जेवणाची सुट्टी आजपासून अर्धा तास जास्त. मालक स्टूल ओढून समोर बसले, पहिला फर्मा माझ्या हातात दिला. "मोठ्याने वाच. वर्षभरात एक ओळ वाचलेली नाही मी."

नायिका घर सोडते, ते सांगितलं नाही. कळेलच सोमवारी!