चाक आणि इंजिन एकाच पाटावर

बाबा, तुम्हाला लिहायला बसलो त्याला कारण तुमची सून आहे. तक्रार म्हणा हवं तर. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा विषय निघाला तरी कुणाचा आवाज खाली येत नाही. चहा-साखरेसारखे तुम्ही रोजच्या बोलण्यात असता. पण बोलते ती. "बाबा म्हणायचे" हे दोन शब्द आमच्या वासणा भागातल्या फ्लॅटमध्ये सारखे कानावर पडतात, आणि त्यातली एकही खेप माझी नसते. गॅसची नळी बदलायची असली की बाबा म्हणायचे, पंखा कुरकुरला की बाबा म्हणायचे, शेजारच्यांची मोटर पाणी चढवेना की ही पदर खोचून निघालीच, बाबा म्हणायचे. आणि मी, तुमचा सख्खा मुलगा, सोफ्यावर पेपर धरून ऐकत असतो. माझ्याकडे तुमचं म्हणून सांगण्यासारखं काहीच नाही. मला हेवा वाटतो, बाबा. या वयात, स्वतःच्या बायकोचा. लिहिताना लाज वाटते, पण वाटतो.

ती आपल्या घरात आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता, आठवतं ना? आईशी गुजरातीत बोलायची, माझ्याशी हिंदी-इंग्रजीत. मराठी ती शिकली तुमच्याकडून, आपल्या बाजव्याच्या जुन्या घरामागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये. रिफायनरीतली फिटरची नोकरी संपवून तुम्ही घरी बसला होता, म्हणजे बसला कुठे होता, सगळ्या कॉलनीचे मिक्सर आणि सायकली उघडून ठेवल्या होत्या. ती चहा द्यायला म्हणून शेडमध्ये गेली आणि तुम्ही तिला म्हणालात, "धर." तिचा पहिला मराठी शब्द तो. मग सोड, थांब, अजून अर्धा आटा, आधी बोटांनी फिरव. रुसवा म्हणजे काय हे तिला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं, पण कानस, पाना, पकड हे शब्द पहिल्या महिन्यातच पाठ. त्यामुळे झालंय असं की ती मराठी बोलते ती तुमचीच. वाक्याच्या शेवटी तुम्ही जो बारीकसा "हं" लावायचात तोही तिने उचललाय. मी आतल्या खोलीत असलो आणि ती बाहेरून म्हणाली, "घाई नको, हं," तर अजूनही क्षणभर मी बसल्या जागी सरळ होतो. तुमचे नाक-डोळे मला मिळाले असं सगळे म्हणतात. आवाज तिला मिळाला.

मला काय मिळालं ते सांगतो. मी पाचवी-सहावीत असेन. स्कूटर खडखडते आहे म्हणून तुम्ही ती स्वयंपाकघराच्या दाराबाहेर लावली आहे, इंजिनावरचं झाकण काढलं आहे, आणि मला म्हणता आहात, "वर बस आणि उड्या मार." मी सीटवर बसून उड्या मारतो आहे. आई हातात पोळीचं लाटणं घेऊन दारात येते, "अहो, पोरगं पडेल." तुम्ही उकिडवे बसून खाली बघताय आणि वरून मीही वाकून बघतोय: इंजिन आणि चाक एका लयीत वर-खाली होतंय. मला वाटतंय जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मी करतो आहे. मग तुम्ही हात पुढे करून पाना मागितलात. मी दिला तो चुकीचा. दुसरा दिला, तोही चुकीचा. तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर मी विसरलोही असतो. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "राहू दे. तू अभ्यासाला बस." मी बसलो. असा बसलो की आज विमा कंपनीच्या कचेरीत मला वेगळी केबिन आहे आणि घरातला बल्ब बदलायचा असला तरी मला कुणी बोलवत नाही. नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला पेन दिलंत. तिला तुम्ही, तिच्या दुसऱ्या दिवाळीला, तुमचे स्वतःचे पाने दिलेत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून. मला पेन, तिला पाने. पेन चांगलं आहे, नाही म्हणत नाही. त्यानेच हे लिहितो आहे.

आता मुद्द्यावर येतो. तुमची नात नववीत आहे. तुम्ही तिला पाळण्यात बघितलंत तेवढंच. मैत्रिणींबरोबर ती हायवेकडे त्या गो-कार्ट चालवायच्या जागी गेली आणि पाठ धरून परत आली. म्हणे त्या गाड्यांना स्प्रिंगा नसतात, खालचा सांगाडाच जरासा वाकतो आणि बाकीचे दणके आपण खायचे. "का नसतात? आपण बसवू ना," असं पोरगी म्हणाली आणि तिच्या आईचे डोळे असे चमकले, बाबा, की तेव्हाच मी ओळखलं, आता आपले रविवार गेले. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येऊन बघतो तर ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटवर खडूने गाडी काढलेली. पुढच्या चाकांना वरखाली दोन-दोन त्रिकोणी दांडे, त्यांच्यावर जुन्या स्कूटरचे शॉक-अॅब्सॉर्बर. मागे बिजागरीवर हलणारा एक चौकटीसारखा सांगाडा, त्यावर मागच्या चाकांचा एक्सल, त्याला आणखी दोन शॉक. मोटरसायकलचं इंजिन भंगारवाल्याकडून. चित्र पुसलं जाऊ नये म्हणून आठवडाभर ओट्यावर पोळ्या लाटल्या गेल्या नाहीत आणि आम्ही बाहेरून सेव-उसळ आणून खाल्ली. दोघी माना एकत्र करून बोलायच्या, अर्धं गुजराती, अर्धं मराठी, आणि मधूनमधून बाबा म्हणायचे. मी "मीठ कुठे आहे" असं विचारलं तर दोघी माझ्याकडे बघायच्या, भलत्याच स्टेशनावर उतरलेल्या माणसाकडे बघावं तशा.

तुमची सून नंदेसरीला एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. तिथे जवळच एका फॅब्रिकेशनवाल्याची शेड आहे, रविवारी बंद असते. त्याने किल्लीच देऊन टाकली. काका म्हणावा असा वयस्कर माणूस आहे, वेल्डिंग करताना हिचा हात बघितला आणि म्हणाला, "बेन, कोणे शिखवाड्युं?" ही म्हणाली, "मारा ससराए." तेव्हा मी तिथेच होतो. सासऱ्यांनी शिकवलं म्हणाली, त्या सासऱ्यांचा मुलगा मागे डबा धरून उभा आहे हे काही म्हणाली नाही. मग रविवारमागून रविवार मी त्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. न जाण्याची सोय होती, पण घरी बसून जळण्यापेक्षा समोर बसून जळणं बरं वाटायचं. एकदा राहवलं नाही, उठून तिला पाना दिला. ती गाडीखाली उताणी, हात बाहेर काढलेला. पाना बघून तिने परत बाहेर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे. तू बस." तुमच्याच आवाजात, बाबा. मी खुर्चीवर जाऊन बसलो. उन्हात सगळ्या औद्योगिक वसाहतीत तो नेहमीचा रसायनांचा उग्र वास होता आणि माझे डोळे चुरचुरत होते, तो वासाचाच दोष.

गाडी उभी राहिली तेव्हा खरंच देखणी दिसत होती. बुटकी, बेडकासारखी. पण चालेना. म्हणजे सपाट रस्त्यावर चालायची. टँकर जाऊन जाऊन पडलेल्या खळग्यांवरून गेली की खाडकन चेन उतरायची. शॉक दबून मागचा एक्सल वर जायचा, इंजिन मुख्य सांगाड्यावर होतं तिथेच राहायचं, आणि मधली चेन एकदा सैल, एकदा ताठ. तिने चेन कसली, मधे एक छोटं चाक बसवलं, बिजागरी इकडची तिकडे केली. पुन्हा खळगा, पुन्हा खाडकन. "मम्मी, फरी निघाली, परत निघाली!" पोरगी लांबून ओरडायची आणि दोघी गाडी ढकलत आणायच्या. तिसऱ्या रविवारी ही शेडच्या उंबऱ्यात बसली, काळे हात मांडीवर, आणि मी तिला इतकं हताश कधी बघितलं नव्हतं. पोरीने विचारलं, "आजोबांनी काय केलं असतं?" हिने तळव्यावरचं ग्रीस फडक्याला पुसलं. मग म्हणाली, "हे मला नाही सांगितलं बाबांनी."

बाबा, मला आनंद झाला. बायको थकून बसली आहे, मुलीचा चेहरा उतरला आहे, आणि माझ्या मनात उकळ्या फुटतायत. तिला न सांगितलेलं काहीतरी होतं! आणि तोंडातून निघून गेलं, "मला सांगितलं होतं."

दोघी वळल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच दोघी एका वेळी माझ्याकडे बघत होत्या.

"शुं?" ती म्हणाली. "काय सांगितलं होतं?"

आता माघार कशी घेणार? मी खुर्चीतून उठलो, घसा खाकरला. "म्हणायचे... जे एकमेकांना ओढतं ते वेगवेगळ्या जागी बसवू नये. एकाच पाटावर बसवावं. मग हललं तरी दोन्ही बरोबर हलतं."

शेवटी "हं"सुद्धा लावला. कसा लागला कोण जाणे.

ती उठली. खडू घेतला, शेडच्या फरशीवर वाकली, मागची चौकट काढली, एक्सल काढला, आणि त्याच चौकटीवर पुढे इंजिन काढलं. "वजन वाढेल मागे," स्वतःशीच म्हणाली. "स्प्रिंगा जाड लागतील. थोडे धक्के लागतील." मग खडू खाली ठेवला. "पण चेन नाही निघणार. अरे, नाहीच निघणार!" आणि माझ्याकडे बघून, "कधी म्हणाले तुला?"

"लहानपणी. स्कूटर उघडली होती तेव्हा."

पुन्हा सगळं कापून जोडण्यात आणखी बरेच रविवार गेले. जाड स्प्रिंगा बसवल्यावर तिने मला हाक मारली, "वर बस आणि उड्या मार." मी गाडीशी थबकलोच. हे वाक्य तिलाही दिलं होतंत तुम्ही? एवढं तरी माझं एकट्याचं आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. बसलो, या पोटासकट उड्या मारल्या. ती उकिडवी बसून बघत होती, वरून मी वाकून बघत होतो. इंजिन आणि चाकं एका लयीत वर-खाली. मग पोरीने गाडी नेली, खळग्यांवरून थेट वसाहतीच्या फाटकापर्यंत, मागून जरा उडत होती पण चेन जागची हलली नाही. परत येताना ती जे ओरडत होती ते कुठल्या भाषेत होतं कळलं नाही.

घरी येताना मी आमची कार चालवत होतो, ही शेजारी. बाजव्याचं वळण गेल्यावर तिने विचारलं, "अजून काय काय सांगितलंय तुला त्यांनी?" मी म्हटलं, आठवेल तसं सांगेन. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटायचं, सगळं मलाच सांगितलं." तो सूर मी ओळखला. कसा नाही ओळखणार, जन्मभर माझ्या पोटात तोच आहे. तिला माझा हेवा वाटत होता! वासण्यापर्यंत मी गुणगुणत आलो.

तुम्ही ते कधी म्हणाला नाहीत, बाबा. तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही स्कूटर बघत होतात, मला काही दाखवत नव्हतात. मी वर उड्या मारत होतो म्हणून मला दिसलं, आणि वाक्य मी त्या रविवारी शेडमध्ये तिथल्या तिथे जुळवलं. पण आता तिने ते घेतलंय. त्या फॅब्रिकेशनवाल्याला सांगितलं, नातीच्या शाळेत सांगितलं, परवा फोनवर तिच्या भावाला सांगितलं, बाबा म्हणायचे, एकाच पाटावर बसवावं, आणि दर वेळी प्रामाणिकपणे पुढे जोडते, "मला नाही, ह्याला म्हणायचे." आधी ऐकून छाती फुगायची. आता वाटतं, यंत्राबद्दल जन्मात एक शहाणं वाक्य बोललो, तेही तुमच्या नावावर गेलं. म्हणजे आता मला तुमचाही हेवा वाटू लागला. आहे का काही माझ्या स्वभावाला औषध?

तिला खरं सांगायला हवं. नाही सांगणार. त्या दिवशी गाडीत खिडकीबाहेर बघत होती, तो चेहरा मला अजून थोडे दिवस हवा आहे. म्हणून हे पत्र घरातही ठेवता येत नाही. घरातला एकही खण तिने दुरुस्त केलेला नाही असा नाही. लिहून झालं की फाडेन. एक मागणं मात्र आहे. ती कधीतरी तिकडे येईल, घाई नाही, आणि चहाचा कप तुमच्यासमोर ठेवून पहिलं हेच विचारेल. तेव्हा तुम्ही हातातलं काम सोडू नका, तिच्याकडे बघूही नका. फक्त म्हणा, हो, त्याला सांगितलं होतं.