मागच्या खोलीच्या दाराची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, सेनादलातील निवृत्त भाषातज्ज्ञ, वय वर्षे बावन्न, प्रकृतीने सुदृढ, बुद्धीने स्थिर (पत्नीचा मतभेद नोंदवून), कोणाच्याही दडपणाविना, केवळ वकील असलेल्या भाचीच्या तगाद्यामुळे, माझ्या पश्चात करावयाची व्यवस्था स्वहस्ते लिहून ठेवतो.

१. राहते घर व बँकेतील समस्त ठेवी पत्नीस. तिने एका बंद दाराशी संसार केला. त्या मानाने मोबदला अपुरा आहे.

२. पदक धाकट्या बंधूस. "दादा लढाई कानांनी लढला," हे वाक्य तो प्रत्येक कौटुंबिक समारंभात उच्चारतो. सदर पदक त्याने छातीवर न लावता जिभेवर ठेवावे. तेवढा वेळ तरी शांतता नांदेल.

३. माझे हेडफोन कोणासही देऊ नयेत. सीमेपलीकडील बिनतारी यंत्रावर बोलणाऱ्या एका इसमाचे संभाषण मी सेवाकाळात चोरून ऐकले. आम्ही त्यास खोकलेबुवा म्हणत असू. त्याच्या खोकल्यावरून तिकडे थंडी पडल्याचे मी सांगू शके. त्याची भाषा मी अस्खलित जाणतो. ती बोलण्यास मात्र मला पृथ्वीतलावर एकही मनुष्य अनुज्ञेय नाही. उलटपक्षी, माझी पत्नी डाव्या कुशीवर निजते की उजव्या, हे मला ज्ञात नाही. कारण पुढील कलमात.

४. आमच्या खात्याचा नियम असा, की भाषातज्ज्ञाने एकट्याने, दार लावून निजावे. न जाणो, झोपेत बरळताना गुपित फुटायचे. गुप्ततेची शपथ आजन्म असल्याने मी निवृत्तीनंतरही मागच्या खोलीत निजतो. पत्नी म्हणाली, "अहो, मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. मी कुणाला काय सांगणार?"

"नियम तो नियम," मी म्हणालो.

"मग नियमाशीच संसार करा."

कडी आतून आहे, हे सत्यास स्मरून नमूद करतो. माझ्या मृत्यूने शपथ संपुष्टात येईल; तदनंतर हे दार काढून पत्नीच्या स्वाधीन करावे.

येथवरचा मजकूर साक्षीसाठी आलेल्या जुन्या सहकाऱ्याने वाचला. अखंड बडबडीमुळे त्यास आम्ही मौनीबाबा म्हणतो. तो चष्मा काढून म्हणाला, "लेका, तो नियम छावणीतल्या बराकीपुरता होता! तू घरी पाळत होतास?"

"तू नाही पाळलास?"

"मी? आमची ही रोज सकाळी विचारते, काल झोपेत कुणाशी भांडत होतात?"

स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबला. ऐकणे हा माझा व्यवसाय असल्याने ते तत्क्षणी ध्यानी आले. मी लेखणी पुन्हा हाती घेतली.

५. सबब कलम ४ मधील, दार माझ्या मृत्यूनंतर काढण्याचे वाक्य रद्द. दार आजच काढावे. भाची म्हणते, "मामा, जिवंतपणी करायची कामं मृत्युपत्रात लिहीत नाहीत." हरकत नोंदवली, फेटाळली. दुसरा साक्षीदार म्हणून शेजारचा सुतार बसलाच आहे.

"दार चांगलं आहे की, काका. काढायचं कशाला?" तो म्हणाला.

"चांगलं आहे म्हणूनच," मी म्हणालो.

बिजागऱ्या सुटल्यावर पत्नी आली. माझ्याकडे न पाहता तिने सुताराला सांगितले, "ती कडी इकडे द्या. यांचा भरवसा नाही."

६. कडी पत्नीस. तत्काळ.

सही (स्वहस्ते)

साक्षीदार: १. मौनीबाबा, सहकारी (सही करतानाही बोलत होता). २. सुतार, शेजारी.

दिनांक: दार निघाले तोच.

स्थळ: मागची खोली, भिंतीला टेकवलेल्या दारावर कागद धरून.