सातवी ‘ब’चे चौकोन

३ नोव्हेंबर

चौकोनांचा संच तयार झाला. फुकट! शिक्षकखोलीत मी तसंच सांगितलं — चपलांच्या दुकानातली रिकामी खोकी, एक पैसा लागला नाही. खरा हिशेब असा: हिची शिवणाची कात्री बोथट झाली. माझ्या अंगठ्याची सालटी निघाली. अख्खा रविवार गेला. समलंब चौकोन कापताना खालचं मेणकापडही कापलं गेलं. ही विचारायला लागली तेव्हा म्हणालो, नवी पद्धत आहे, पोरं आकार हाताने चाचपून ओळखतात.

“पद्धत नवी आणा नाहीतर जुनी आणा, मेणकापड आधी नवं आणा!”

म्हणजे हिशेबात एक खोटंही धरायला हवं. तेच सगळ्यात महाग पडणार असं दिसतंय. पद्धत वगैरे काही नाही. मला फळ्यावर सरळ रेघ काढता येत नाही आता.

५ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरने चौकटींचा कागद दिलाय. मध्ये टिंब. रोज सकाळी एक डोळा झाकायचा, टिंबाकडे बघायचं आणि भोवतालच्या रेषा सरळ दिसतात का ते तपासायचं. मला हसूच आलं. उभा जन्म पोरांना असल्याच कागदावर चौकोन काढायला लावले!

आज मधल्या रेषा पाण्यात बुडवलेल्या काठीसारख्या वाकल्या. टिंब नाहीच. त्याच्या जागी करडा डाग.

“कडेचं दिसत राहील. मधलं जाईल.” माणूस चांगला आहे, पण दुकानदाराने भाव सांगावा तसं सांगतो. डोळ्यात इंजेक्शनं देऊन बघू म्हणाला. फार आशा धरू नका, हेही त्याच दमात.

कुणालाच सांगितलेलं नाही. मोठ्या बाईंच्या कानावर गेलं तर वर्ग गेलाच समजा. चित्रकलेच्या सरांचा हात थरथरायला लागला तर बाईंनी त्यांना भांडारात बसवलं. मायेनेच बसवलं, पण बसवलं. अजून खडूंची खोकी रचताहेत बिचारे. मी गोदामात पोती उचलत परीक्षा दिल्या. ही खुर्ची मला कुणी दिली नाही, ओढून आणली. परत पोत्याखोक्यांत जाऊन बसणार नाही! हे वर्ष सातवी ‘ब’ माझ्याकडे राहू दे. पुढचं पुढे.

७ नोव्हेंबर

पिशवी वर्गात नेली. एकेकाने हात घालायचा, न बघता चाचपायचं, बाजू किती, काटकोन आहेत का, समोरासमोरच्या बाजू समांतर लागतात का ते सांगायचं, मग नाव. पोरं खूश. मी जास्त खूश — बोटांना सगळं दिसतं!

घोडं अडलं चौरसापाशी. चौरस हा आयतच असतो म्हटल्यावर पहिल्या बाकावरची वकीलबाई उठली. (खरं नाव वेगळं. पण दुसरं नाव शोभतच नाही तिला.)

“सर, चौरस आयत आहे, मग आयत चौरस का नाही? हा कुठला न्याय?”

“बाई, सगळे मामा माणसं असतात. म्हणून सगळी माणसं मामा होतात का?”

“पण सर, माझे मामा माणसातच नाहीत असं आई म्हणते!”

वर्ग लोळला. मीही. हसून झाल्यावर चौरस तिरका धरून विचारलं, आता काय? एकमुखाने उत्तर — “चौकट!” पत्त्यातली. अरे, तिरका केला म्हणून बाजू बदलल्या? कोन बदलले? तुम्ही आडवे झोपलात तर दुसऱ्याचं पोर होता का?

नाही पटलं. चौकट ती चौकटच.

१० नोव्हेंबर

डावा डोळा. इंजेक्शन. काही लिहिण्यासारखं नाही.

१२ नोव्हेंबर

आता मी टेबल सोडत नाही. मागे बाकांच्या फटीत घोट्याला लागलं एकदा, तेव्हापासून नाही. टेबलाशी उभं राहायचं आणि कान उघडे ठेवायचे. कान माझे पहिल्यापासून तिखट. गोदामात मुकादमाच्या पावलावरून त्याची लहर ओळखायचो. आज पेन्सिल पडली, मी पाठमोरा, तरी म्हणालो — दुसरा बाक, खिडकीकडचा, उचल! पोरगं चाट पडलं.

आणि वर्ग किती शांत झालाय! पूर्वी मागच्या बाकांवर नुसता बाजार भरायचा. आता चिटपाखरू नाही. शेजारच्या वर्गात विज्ञानाच्या बाई घसा फोडतात. मधल्या सुट्टीत त्यांना म्हणालो, “बाई, ओरडून काय होणार? आवाज खाली आणा, वर्ग आपोआप खाली येतो. सातवी ‘ब’ सारखी टारगट तुकडी माझ्या मुठीत आहे — आणि मी मूठ वळलेलीसुद्धा नाही!”

त्या डबा उचलून निघून गेल्या. जळल्या असाव्यात.

१५ नोव्हेंबर

चाचणी घेतली. आकृत्या दिल्या होत्या, नावं लिहायची आणि गट पाडायचे. गठ्ठा घरी आणला. हिला म्हणालो, चष्मा सापडत नाही, जरा वाचून दाखवतेस का?

“चष्मा नाकावर आहे तुमच्या.”

मग तिने खुर्ची ओढली आणि वाचायला बसली. एवढंच. एक शब्द विचारला नाही. मी सांगितलं नाही. पण मधेच म्हणाली, “हाताला धरून जिना उतरताय हल्ली. मला वाटलं प्रेम उतू चाललंय.”

पेपर मात्र वाईट. फार वाईट. मोजकी पोरं सोडली तर कोरे! समांतरभुज चौकोनाला कुणी ‘कललेला आयत’ लिहिलंय, कुणी ‘पडका’. एकाने सगळ्याच आकृत्यांखाली ‘चौकोन’ लिहिलं — खोटं नाही म्हणा. गट पाडा म्हटलं तर ‘मोठे’ आणि ‘छोटे’.

“एवढं जीव तोडून शिकवता,” ही म्हणाली, “जातं कुठे ते?”

तोंडी विचारलं की पटापट येतं. कागदावर काही नाही. शिकवण्यात चूक नाही, मी ऐकतोय ना रोज! लिहायचा आळस, दुसरं काय.

१८ नोव्हेंबर

मोठ्या बाई उद्या तासाला बसणार. ‘सहज’ म्हणाल्या. सहज कुणी वही घेऊन येत नाही. काहीतरी कानावर गेलंय. झोप येत नाही. समांतर बाजूंचा धडा तोंडात घोळवतोय, जसा पहिल्या नोकरीच्या दिवशी घोळवला होता.

१९ नोव्हेंबर

निभावलं!

बाई मागे बसल्या. आज पोरांचा गलका जरा जास्तच होता — बाक करकरत होते, मागून खोकले, ढकलाढकली. पाहुणं आलं की पोरं चेकाळतात. पिशवी फिरवली. वकीलबाईने पतंग आणि समभुज चौकोन यांतला फरक असा सांगितला की मलाच ऐकत राहावंसं वाटलं. मागच्या एकाला बाईंनी विचारलं, चौरस आयत असतो का? तो म्हणाला, “असेल बाई.” सगळे हसले, बाईही.

नंतर खोलीत बोलावलं. “सर, फळ्यावर काहीच काढलं नाहीत?”

नशीब, जीभ चालू होती. “बाई, फळ्यावर काढलं की पोरं फळा पाठ करतात. हातात दिलं की आकार कळतो.”

त्यांनी ते लिहून घेतलं! म्हणाल्या, सातवी ‘ब’ वर्षअखेरीपर्यंत तुमच्याकडेच. इतर वर्गांनाही दाखवा ही पद्धत.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. डोळ्यांचंही. तिने फक्त एवढंच विचारलं, “बाईंना खरं सांगितलंत?”

नाही.

२३ नोव्हेंबर

उजवाही. आज कागदावर मधल्या चार चौकटी पुसल्यासारख्या गेल्या. आता माणसाचं तोंड दिसत नाही. कान दिसतात, खांदे दिसतात. ही समोर बसली की हिचे फक्त केस. कपाळाकडे बघितलं तर हनुवटीचा कोपरा लागतो, बस.

डॉक्टर म्हणाला, थांबवूया आता इंजेक्शनं. मी विचारलं, म्हणजे बरं वाटतंय तुम्हाला? तो हसला नाही. माझे विनोद मला तरी कळतात का, देव जाणे.

तरी शाळा आहे. वर्ग आहे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते हे मला बघून शिकवायची गरज नाही. मला ठाऊक आहे ती जाते.

२५ नोव्हेंबर

आज वर्ग परत पहिल्यासारखा. शांत. त्रिकोण सुरू केले.

२७ नोव्हेंबर

आज मनात आलं, नेहमी पहिल्या बाकांचंच कौतुक होतं. इतके दिवस मागची टारगट पोरं गुपचूप ऐकताहेत, त्यांना कधी शाबासकी दिली नाही. टेबल सोडलं. भिंतीला हात लावत शेवटच्या बाकापर्यंत गेलो आणि एकाच्या पाठीवर थाप मारली.

दप्तर होतं. उभं करून वर खेळाची टोपी ठेवलेली. शेजारी दप्तर. पुढच्या बाकावर दप्तर, दप्तर, टोपी.

मागचं दार उघडं होतं. मैदानावरून आरडाओरडा येत होता. तो रोजच येतो, मला वाटायचं दुसऱ्या वर्गाचा खेळाचा तास.

वकीलबाईला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, “सर, चौकोन सुरू झाल्यापासून. चाचणी आणि बाई आल्या तो दिवस सोडून.”

चाळिसांपैकी नऊ जण होते.