सदतिसावी तार

३ फेब्रुवारी, सोमवार

भावजींनी भिंत खाल्ली! लॉन्ड्रीतल्या घडीखोलीची, खिडकीपासून दारापर्यंतची. आपल्या प्रोग्रामचं चित्र चौदा कागदांवर छापलं आणि चिकटपट्टीनं जोडून लावलं. चौकोनच चौकोन, आणि त्यांच्यातून निघणाऱ्या तारा. चादरींच्या तारा निळ्या, टॉवेलच्या हिरव्या, मोज्यांच्या लाल. वर ठळक अक्षरांत – 'बघा आणि समजून घ्या'. जसं काही आम्ही बाकीचे डोळे मिटून काम करतो.

माझा धाकटा दीर आणि मी एकाच लॉन्ड्रीत आहोत, हे माझ्या नशिबात होतं. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, खेळाडूंच्या वसतिगृहाचे मोजे – सगळं आमच्याकडे धुवायला येतं. आता नवा पट्टा आलाय. धुतलेला ढीग त्यावर टाकायचा, वरचा कॅमेरा बघतो, लोखंडी हात कपडा उचलून योग्य टोपलीत टाकतो. कोणता कपडा कुठल्या टोपलीत, ते प्रोग्रामनं सांगायचं.

गंमत अशी, की दोघांची विचार करायची पद्धत एकच. सगळं काम छोट्या छोट्या फंक्शनांत वाटायचं. फंक्शनात एक गोष्ट आत जाते, एक बाहेर येते. मधल्या मध्ये ते कशाला हात लावत नाही, आधीचं काही लक्षात ठेवत नाही, कुणाची चहाडी करत नाही. अशी माणसं भेटली असती तर! भांडण एवढंच, की मी ती फंक्शनं लिहिते आणि भावजी ती काढतात. माझे चाळीस ओळींत शब्द आणि कंस. त्यांची चौदा कागदांवर रांगोळी.

मालकीणबाईंनी आज दोघांना बोलावून सांगितलं, "एका पट्ट्याला दोन डोकी नकोत. वीस तारखेला ज्याचा चालेल तो इथे राहील. दुसऱ्यानं चोवीसपासून नव्या शाखेत जायचं."

नवी शाखा चार तास लांब. तिथे खोली घेऊन राहावं लागेल.

४ फेब्रुवारी

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "घरातलं एक माणूस जाणार म्हणे. कोण ते तुम्ही ठरवा, पण जेवणाच्या टेबलावर नको." नवरा पेपरमागे लपला. पेपर कालचा होता.

६ फेब्रुवारी

घडीच्या मावशी भिंतीसमोर पाठीमागे हात बांधून उभ्या होत्या. एकतीस वर्षं झाली त्यांना इथे. चादर झटकली की घडी आपोआप पडते, त्या फक्त हात लावतात. डाग राहिलेला कपडा दिसला की कमरेच्या पिशवीतून लाल धागा काढून कोपऱ्याला बांधतात. लाल धागा म्हणजे परत पहिल्यापासून – भिजवण, धुणं, सगळं. धुण्याकडची माणसं मालकीणबाईंचं एक वेळ ऐकणार नाहीत, लाल धाग्याचं ऐकतात.

भावजी त्यांना चित्र समजावत होते. बोट फिरवत, पार तल्लीन. मावशींनी मध्येच विचारलं, "एकटा राहिलेला मोजा कुठे जातो?"

"तो इथे, बेवारशी पेटीत."

"आणि पेटीतून?"

"पेटीतून कुठे नाही. तिथेच संपलं."

मावशी 'हं' म्हणाल्या. त्यांचं 'हं' मला आवडत नाही.

मग मी माझे चाळीस ओळींचे दोन कागद दाखवले. म्हटलं, मावशी, हेही बघा. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. म्हणाल्या, "छान आहे. मुंग्या लागल्यासारखा दिसतो." भावजी इतके हसले की त्यांना खोकला लागला. पाणी द्यावं लागलं – मलाच.

१० फेब्रुवारी

पहिली चाचणी. देवा.

चादरी ठीक. टॉवेल ठीक. मोज्यांनी दोघांचीही अब्रू काढली. भावजींच्या बेवारशी पेटीत एकसष्ट मोजे. माझ्या पेटीत चौसष्ट! कारण तेच. मोजे ढिगा-ढिगानं येतात. एक पाय पहिल्या ढिगात, त्याचा जोडीदार तिसऱ्यात. आमची फंक्शनं विसराळू, पहिला ढीग गेला की त्यांना त्याची आठवण नाही. विसराळूपणाचं मी कॉलेजपासून इतकं कौतुक केलंय, की आता तक्रार कुणाकडे करू?

मालकीणबाई पेटीत वाकून बघत म्हणाल्या, "वसतिगृहात एका पायाचे खेळाडू आहेत का?"

भावजी घरी येताना म्हणाले, "तरी वहिनी, तुमच्यापेक्षा तीन कमीच."

११ फेब्रुवारी

मी टेबलावर म्हटलं, "तुमचं ते भिंतभर प्रकरण मी वीस ओळींत बसवून दाखवते." सासूबाईंनी चमचा आपटला. पण शब्द गेला होता.

भावजी – "बसवा. एक तार सुटली तर हरलात."

१३ फेब्रुवारी

दुपारच्या सुट्टीत घडीखोलीत स्टूल ओढून बसले आणि चित्र उतरवायला घेतलं. एकेक चौकोन, त्यातून निघणारी एकेक तार, त्याचं नाव, कंस. मान अवघडली. आठव्या कागदाशी चष्मा घरी राहिल्याचं लक्षात आलं. पण सुट्टी अर्धी संपली होती आणि हट्ट पूर्ण होता.

शेवटी तारा मोजल्या. सदतीस.

भावजी डबा घेऊन आले. म्हणाले, "छत्तीस."

"सदतीस आहेत."

"वहिनी, मी काढल्यात. छत्तीस."

"तुम्ही काढल्यात, मी मोजल्यात."

"तुम्हाला चित्र वाचता येत नाही, हेच तर मी वर्षभर सांगतोय."

दोघांनाही भिंतीजवळ जाऊन पुन्हा मोजता आलं असतं. चार पावलं. पण मी का उठू? आणि ते का उठतील? मावशी शेजारी चादरी घडी करत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पुढची चादर घेतली.

एकोणीस ओळी झाल्या. वीसही लागल्या नाहीत.

१४ फेब्रुवारी

वही, हे तुलाच सांगते.

कॅमेऱ्यानं सोमवारच्या ढिगांची नोंद ठेवली आहे. ती मी माझ्या एकोणीस ओळींवर चालवून बघितली, नुसती खोडी म्हणून. भावजींचे एकसष्ट मोजे माझ्या कंसांतही एकसष्टच येतात का, ते बघायला.

शून्य आले.

पुन्हा चालवली. शून्य. एकही मोजा बेवारशी नाही!

मग ओळी नीट वाचल्या. सदतिसावी तार बेवारशी पेटीतून निघते आणि थेट पहिल्या चौकोनात जाते. उरलेले मोजे पुढच्या ढिगात मिसळतात आणि फंक्शन स्वतःलाच पुन्हा हाक मारतं. काही लक्षात ठेवायला लागतच नाही. जोडीदार येईपर्यंत मोजा आपला फेऱ्या मारत राहतो. इतकं साधं, इतकं सुंदर, आणि मला सुचलं नाही. त्या रांगोळीवाल्याला सुचलं! सोमवारनंतर गुपचूप काढली असणार ती तार. म्हणूनच 'छत्तीस, छत्तीस' करून मला चकवत होता.

जळफळाट झाला. जेवले नाही. मग जेवले.

१५ फेब्रुवारी

माझ्या चाळीस ओळी काढून टाकल्या आणि त्या एकोणीस ओळी चाचणीसाठी ठेवल्या. त्यांच्या चित्रातही हेच आहे, मग बरोबरीच होईल. बरोबरी म्हणजे काही चोरी नाही.

१६ फेब्रुवारी

चोरीच आहे.

१७ फेब्रुवारी

भावजींनी न सांगता माझ्या स्कूटरचा मोडका आरसा बदलून दिला. आजच सुचायचं होतं यांना! महिनाभर आरसा हलत होता तेव्हा कुठे होते?

२० फेब्रुवारी

आधी भावजींचा प्रोग्राम लावला. ते हाताची घडी घालून उभे होते. मी मनात म्हटलं, आता शून्य येणार, सगळे टाळ्या वाजवणार, आणि मग माझंही शून्य. बरोबरी.

त्यांचे अठ्ठावन्न आले.

मला काही कळेना. मग माझा लावला. मोजे फिरले, पुन्हा फिरले, जोड्या जुळत गेल्या. शेवटी लोखंडी हात रिकाम्या पेटीवर जाऊन थांबला. शून्य.

मालकीणबाई म्हणाल्या, "ठरलं मग." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात भावजींनी. म्हणाले, "वहिनी, परत फिरवायची कल्पना झकास. मला सात जन्मांत सुचली नसती."

सुचली नसती म्हणजे काय? तुमच्याच भिंतीवर आहे की!

हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं 'थँक्यू' म्हटलं. मोठ्यानं 'थँक्यू' म्हटलं, हे इथे दोनदा लिहून ठेवते. लाज वाटली पाहिजे.

२१ फेब्रुवारी

आज चष्मा घालून गेले. घडीखोलीत कुणी नव्हतं. नवव्या कागदाशी नाक लावलं.

सदतिसावी तार म्हणजे धागा आहे.

लाल धागा. शिवायचा. बेवारशी पेटीपासून पहिल्या चौकोनापर्यंत चार कागद ओलांडून गेलाय, वर चिकटपट्टी. लॉन्ड्रीत धागे कुठेही पडतात. केसांत सापडतात, चहात सापडतात. कागद जोडताना एखादा पट्टीखाली अडकला असणार. मोज्यांच्या तारा लाल, धागाही लाल. आणि मी – शब्दांचं माणूस, काटेकोर, स्वल्पविरामावरून रात्रीची झोप घालवणारी – मी एक पडलेला धागा कंसांत उतरवला आणि त्यावर जिंकले. मी भावजींची कल्पना चोरली नाही. कुणाचीच नाही. केराची चोरली.

स्टुलावर बसून हसले. मग हसू थांबलं. कारण सोमवारी जाणार कोण, तर ज्याच्या भिंतीवर तो धागा अडकला होता तो.

२२ फेब्रुवारी

घरी सुटकेस निघाली. सासूबाई शर्टांच्या घड्या करून ठेवतात, भावजी बाहेर काढतात, त्या पुन्हा ठेवतात. टेबलावर आता प्रोग्रामचा विषय निघत नाही. सासूबाईंना हवी होती तशी शांतता, आणि आज त्याच म्हणाल्या, "भांडा की जरा."

मला हे घर भावजींच्या खोकल्याशिवाय नको आहे. लिहून टाकलं. आता उद्या सांगणं आलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. सगळं – चष्मा, धागा, एकोणीस ओळी, थँक्यू.

भावजी म्हणाले, "म्हणजे छत्तीसच होत्या."

"छत्तीसच."

"पुन्हा म्हणा."

"छत्तीस होत्या, भावजी."

ते सुटकेसवर बसून इतके हसले की तिची एक कडी तुटली. मग म्हणाले, "मीसुद्धा रोज त्या भिंतीसमोरून जातो. मला तरी कुठे दिसला? चित्रवाल्याला चित्र दिसलं नाही, आणि शब्दवालीनं नसलेला शब्द वाचला." सुटकेसवरून उठत – "पण पट्टा चालतो, वहिनी. केरानं का होईना. चालतंय ते ठेवा, मी जातो."

म्हटलं, अजिबात नाही. मालकीणबाईंपुढे दोघांनी जायचं.

२४ फेब्रुवारी

गेलो. भावजींच्या हातात सुटकेस, दोरीनं बांधलेली. मालकीणबाई घडीखोलीतच होत्या. मी म्हटलं, जिंकले ते खरं नाही, तो कागदावर पडलेला धागा होता.

मावशींनी चादरीवरून मान वर केली नाही. म्हणाल्या, "पडलेला नाही. मी लावलाय. यांनी 'बघा आणि समजून घ्या' लिहिलं होतं, मी बघितलं. पेटीतून पुढे वाट नव्हती, म्हणून लाल धागा लावला. सहा तारखेपासून आहे तिथे. मला वाटलं, एवढे शिकलेले, दिसेल कुणाला तरी."

मालकीणबाईंनी भिंतीकडे बघितलं, मग आम्हा दोघांकडे – फार वेळ. म्हणाल्या, "पट्टा आजपासून मावशींकडे. कोण जाईल, कोण राहील, तेही त्याच सांगतील."

मावशींनी हातातली घडी पूर्ण केली. कमरेच्या पिशवीतून दोन लाल धागे काढले. एक भावजींच्या सुटकेसच्या मुठीला बांधला, एक माझ्या स्टुलाला. म्हणाल्या, "दोघंही इथेच. परत भिजवणीपासून."